आधी एक, मग दुसरा

कळसूबाईच्या शिड्या मी पहिल्यांदा चढले तेव्हा सातवीत होते. नाशिककडच्या पोरीला त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोखंडी शिडी, बाजूला साखळी, मागून बाबांचा आवाज, "खाली बघू नकोस, पायरी बघ." त्यामुळे म्युनिकच्या ऑफिसात एका सहकाऱ्यानं इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या व्हिया फेराटाचे फोटो दाखवले तेव्हा मला वाटलं, अगं बाई, ही तर आपली कळसूबाईच, फक्त लांबलचक आणि महागडी. हा समज सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत टिकला.

व्हिया फेराटा म्हणजे इटालियनमध्ये लोखंडी वाट. जर्मन लोक तिला क्लेटरश्टाइग म्हणतात. उभ्या कड्यात काही काही मीटरवर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या असतात आणि त्यांच्यातून जाड पोलादी तार वरपर्यंत नेलेली असते. कातळ फारच गुळगुळीत असेल तिथे सळ्या वाकवून पायऱ्या रोवतात, नाहीतर शिडी लावतात. चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, हार्नेसला दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक कॅरॅबिनर, म्हणजे आपोआप मिटणारी धातूची कडी. दोन्ही तारेत अडकवायचे आणि चढायचं. खुंटी आली की एक काढून खुंटीच्या पलीकडे अडकवायचा, मग दुसरा. आधी एक, मग दुसरा. सगळं शास्त्र एवढंच आहे, आणि ते पाच वर्षांच्या पोरालाही समजतं. समजणं आणि दोनशे वेळा न चुकता करणं यात किती अंतर असतं, ते पुढे येईलच.

सोबत होता माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, श्टुटगार्टला एमएस करतो, आणि विद्यार्थी असल्यामुळे एक पैसा खर्च करायचा म्हटला की त्याच्या पोटात दुखतं. त्याच्या खोलीत आधी राहून गेलेल्या कुणीतरी फेराटाचा एक जुना सेट कपाटात टाकून दिला होता. तो घेऊन हा खुशीत आला. "ताई, एकाचं भाडं वाचलं!"

जाण्याआधी आम्ही अल्पाइन क्लबच्या माझ्या विभागाचा एक दिवसाचा कोर्स केला. जर्मन अल्पाइन क्लब हे इथलं मोठं प्रस्थ आहे. १८६९ साली म्युनिकमध्येच सुरू झाला, सभासद दहा लाखांच्या वर. वर्षाची वर्गणी भरली की डोंगरातल्या अपघाताचा विमा मिळतो आणि डोंगरातल्या झोपड्यांमध्ये मुक्काम स्वस्तात होतो. झोपड्या आपलं म्हणायचं; बऱ्याच दुमजली, तिमजली असतात. कोर्स घेणारे गृहस्थ साठीचे, कोरडे, अजिबात न हसणारे. त्यांनी भावाचा सेट हातात घेतला, लेबल उलटं करून पाहिलं, बोटानं पट्टीची शिवण चाचपली आणि विचारलं, "कापू का?"

भावाला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी कात्री काढली.

झालं होतं असं, की २०१२ साली ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये एकजण पडला आणि त्याच्या सेटच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या. त्यानंतर वर्षभरात बऱ्याच कंपन्यांना आपापले सेट बाजारातून परत बोलवावे लागले. भावाचा सेट त्याच काळातला, वर दहा वर्षं उलटलेला. वापरलेला असो की नुसता कपाटात पडलेला, नायलॉन म्हातारं होतंच. भावानं मान हलवली, कात्री चालली, आणि आम्ही दोन सेट भाड्यानं घेतले.

मग त्या गृहस्थांनी पिशवीतून एक फाटकी पट्टी काढून टेबलावर पसरली. फेराटाच्या सेटमध्ये हार्नेसजवळ मुठीएवढी एक पुडी असते. तिच्यात लांब पट्टी घड्या घालून, नागमोडी टाके मारून शिवलेली असते. माणूस पडला की टाके एकामागून एक उसवत जातात आणि धक्का त्यात मुरतो. टेबलावरची पट्टी अशी उसवून बाहेर आलेली होती, जिभेसारखी लांब, कडेनं दोऱ्याचे तुकडे लोंबत असलेली. "ज्याची ही पट्टी, तो जिवंत आहे," ते म्हणाले, "पण दोन्ही घोटे मोडले."

कारण गणित असं आहे. दोरावर चढताना पडलात तर जितके मीटर पडाल त्याला सोडलेल्या दोराच्या लांबीनं भागायचं. किती जोराचा हिसका बसेल त्याचा हा अंदाज. नेहमीच्या चढाईत हा आकडा जास्तीत जास्त २ येतो. फेराटावर मात्र तुमचा कॅरॅबिनर तारेवरून घसरत थेट खालच्या खुंटीवर जाऊन आदळतो. पट्टी जेमतेम मीटरभर, पडणं चार-पाच मीटर. आकडा ५ च्या पुढेही सहज जातो. दोरासारखा ताण खाऊन मऊ करणारं मध्ये काही नाही, फक्त ती पुडी. आणि हवेत लोंबकळण्याआधी वाटेत खुंट्या, पायऱ्या, कातळाचे दात. सेट ४० ते १२० किलो वजनासाठी बनवलेला असतो. त्याहून हलक्या पोराला वरून वेगळा दोर लावावाच लागतो.

"म्हणून इथे नियम एकच," ते म्हणाले. "पडायचं नाही."

परतताना भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे तू पडलीस तर मी काहीच करायचं नाही का?"

हे माझ्याही डोक्यात घोळत होतं. सह्याद्रीतल्या मदनगडाचा कातळटप्पा मी चढलेय. तिथे वर एक दादा ऐसपैस बसलेला असतो, पायांनी दगडाला रेटा देऊन. तुम्ही कमरेला दोर बांधून निघालात की तो दोर अलगद वर ओढत राहतो. "दोर टाइट आहे का?" "आहे, ये तू बिनधास्त." सह्याद्रीत बिलेची, म्हणजे असा दोर धरून सांभाळण्याची, सवय लागते ती दोराची नाही, त्या आवाजाची. भीती वाटली की ओरडायचं, वरून शिवी किंवा धीर, काहीतरी येतंच. फेराटावर आवाज एकच, कॅरॅबिनर मिटल्याची टिचकी. ती आपणच वाजवायची आणि आपणच ऐकायची.

सप्टेंबरचा पहिला आठवडा. म्युनिकहून निघालो, ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रिया ओलांडून इटलीत उतरलो आणि गार्देना खोऱ्यातून वळणं घेत गार्देना खिंडीत पोहोचलो. इटलीचा हा भाग तीन भाषांचा आहे. खिंडीच्या पाटीवर इटालियन, जर्मन आणि लदिन, तीन नावं. लदिन ही या चार-पाच खोऱ्यांतलीच भाषा, बोलणारे तीसेक हजार असतील. आमच्या खोलीची मालकीण खिंडीच्या पलीकडच्या बाजूची होती. तिच्याकडून मी 'जुलान' शिकले, म्हणजे धन्यवाद. तीन दिवस तो एकच शब्द सगळीकडे खपवला.

पहिल्या दिवशी हात साफ करायला ग्रान चिर. खिंड २१२१ मीटरवर, शिखर २५९२ वर. तारा मोजक्याच, वाट सोपी, माथ्यावर क्रॉस. त्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या हरिहरच्या पायऱ्या उतरताना जितकं पोटात गलबलतं तितकंही इथे गलबललं नाही. लक्षात राहिला तो दगड. आपला कातळ काळा, घट्ट, लाव्हाचा. उन्हात तापतो, पावसात शेवाळतो, पण हाताला ओळखीचा. डोलोमाइटचा दगड फिकट, राखाडी-पिवळा, खरखरीत. तो वीसेक कोटी वर्षांहून जुना आहे, समुद्राच्या तळाशी साचलेला. त्यावर हात ठेवला की जुन्या चुन्याच्या भिंतीवर ठेवल्यासारखं वाटतं. पकडी भरपूर, पण काही हातातच सुटून येतात. म्हणून हेल्मेट. वरच्या माणसानं सोडलेला सुपारीएवढा खडा माझ्या हेल्मेटवर टणकन वाजला आणि हेल्मेटमध्ये घाम येतो ही माझी तक्रार तिथेच संपली.

आणखी एक. मी हातमोजे घातले नव्हते. कड्यावर मोजे घातले तर दगड कसा कळणार, हा माझा सह्याद्री बाणा. तार जुनी झाली की तिचा एखादा पदर तुटतो आणि कुसळासारखा उभा राहतो. उतरताना मी तार धरून सर्रकन हात खाली नेला आणि ते कुसळ अंगठ्याखालच्या मांसात घुसलं. रात्री भावानं मोबाइलच्या उजेडात सुईनं ते उकरून काढलं. दुसऱ्या दिवशी मोजे घातले, बोटं उघडी असलेले.

दुसरा दिवस त्रिदेन्तिना. पूर्ण नाव ब्रिगाता त्रिदेन्तिना, इटालियन सैन्याच्या डोंगरी तुकडीचं, म्हणजे अल्पिनींच्या ब्रिगेडचं. डोलोमाइट्समधल्या सगळ्यात लोकप्रिय वाटांपैकी ही एक, आणि लोकप्रिय असण्याचे सगळे तोटे तिला आहेत. गाडी लावायची जागा सातलाच भरते. नऊनंतर कड्यावर रांग लागते. दादर स्टेशनच्या जिन्यावर लागते तशी, फक्त इथे जिना उभा आहे.

सुरुवात गाडीतळापासून दहा मिनिटांवर. पहिल्याच टप्प्यावर ओल्या भिंतीत वाकवलेल्या सळ्यांच्या पायऱ्या थेट वर जातात. टिचकी, टिचकी, पाय, पाय. बरं वाटलं. मग थोडी दगडधोंड्यांची चाल आणि पिशादूच्या धबधब्याजवळ मुख्य भिंत. धबधबा इतका जवळ, की वाऱ्याची झुळूक आली की तुषार अंगावर येतात आणि पुढची पायरी निसरडी होते. चढ मस्त होता. अवघड अजिबात नाही, मधूनमधून कातळात पाय ठेवायला लागतो, हात आपोआप तारेवर जातो. मी तारेला धरून स्वतःला वर ओढत होते. सोपं पडत होतं. त्याची किंमत नंतर मोजायची होती.

साडेनऊच्या सुमाराला एक रुंद कंगोरा आला. चार माणसं आरामात उभी राहतील एवढा. मागून एक आजीबाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात, पाठीला छोटीशी सॅक, पायात झिजलेले बूट, चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. पुढे जायची परवानगी मागावी तशा हसल्या. मी अदबीनं बाजूला झाले. त्यांच्या पट्ट्या माझ्या पट्ट्यांवरून जायला हव्या होत्या, म्हणून मी माझा कॅरॅबिनर काढून त्यांना वाट दिली, त्यांचा पुढे गेला, मग माझा दुसरा मध्ये येत होता म्हणून तोही काढला. आजीबाई "ग्रात्सिए" म्हणून भराभर वर निघाल्या. मी पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, समोरच्या हिरव्या उतारांवर ढगाची सावली सरकत होती ती बघत उभी राहिले. एक पाऊल मागे सरकले, जरा नीट दिसावं म्हणून.

वरून भावाचा आवाज आला. आरडाओरडा नाही, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवतात तसा.

"ताई, हलू नकोस. तुझे दोन्ही मोकळे आहेत."

मी खाली पाहिलं. दोन्ही कॅरॅबिनर माझ्या मांड्यांशी लोंबत होते, एकमेकांवर आपटून किणकिणत. माझ्या टाचेच्या मागे वीतभर दगड होता. त्यापुढे नव्हता.

एक पाऊल पुढे. टिचकी. टिचकी. झालं. दहा सेकंदांचं काम.

गंमत म्हणा की काही म्हणा, त्या क्षणाआधी मला कणभरही भीती वाटत नव्हती. जिथे मी घाबरले असते तिथे मी चुकलेच नसते. आम्ही ट्रेकवाले ज्याला दृष्टिभय म्हणतो, ते कड्याच्या टोकाला पोटात खड्डा पडणं, मला लहानपणापासून कमी आहे आणि मी ते मिरवत आलेय. त्या कंगोऱ्यावर पहिल्यांदा वाटलं, थोडं जास्त असतं तर बरं झालं असतं.

आणि मग ते आलंच, सगळं एकदम. पुढचा अर्धा तास मी प्रत्येक खुंटीवर थांबून तीन-तीनदा कॅरॅबिनर ओढून बघत होते. मागे रांग वाढत होती. मागचा एक जर्मन मुलगा बिचारा शीळ घालत वाट बघत होता, बहुतेक मला त्रास होऊ नये म्हणूनच.

एक्स्नर नावाच्या सुळक्याच्या आधी या वाटेवर एक सवलत आहे. तिथून फेराटा सोडून साध्या पायवाटेनं वरच्या झोपडीला जाता येतं. पुढे उरतो तो सगळ्यात खडा टप्पा, सुळक्याची भिंत, शिड्या आणि शेवटी झुलता पूल. बरेच लोक तिथे बाहेर पडतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आम्ही बाजूला दगडावर बसलो. मी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा त्याला दिला.

"जाऊ या का पायवाटेनं?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं. मला दोन्ही चालेल."

त्यानं 'चल गं ताई, काही होत नाही' असं म्हटलं असतं तर मी शंभर टक्के पायवाट धरली असती. त्यानं लाडू खाल्ला, हात झटकले आणि आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. या डोंगरात दुपारनंतर विजा होतात आणि तेव्हा शेकडो मीटर पोलादी तारेला स्वतःला बांधून घेणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पण दहा वाजले होते आणि ढग नावाला होते. कारण शोधत होते, ते मिळेना. उठले.

भिंत उभी आहे. फोटोत दिसते त्याहून उभी. पायऱ्या एकावर एक, डाव्या हाताशी तार, पाठीमागे हवा. पहिल्या पाच खुंट्या नीट गेल्या. सहावीच्या वर हात भरून आले. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात लाकडासारखे कडक. बोटं मिटायला सांगितली तर मिटत नाहीत, उघडायला सांगितली तर उघडत नाहीत. सकाळपासून तारेवर ओढत आल्याचा हा हिशोब. मग डावा पाय थडथडायला लागला. टाच पायरीवर वरखाली, आमच्याकडे याला शिलाई मशीन म्हणतात. दुसऱ्याचं बघून मी आजवर पोटभर हसलेली आहे.

कॅरॅबिनर काढायला एक हात मोकळा हवा आणि दोन्ही हात तारेवर चिकटलेले. काढता येईना, वर जाता येईना, खाली तर मागचा मुलगा.

भाऊ माझ्या वरच्या टप्प्यात होता. दोन खुंट्यांमध्ये एका वेळी एकच माणूस असावा, हा दुसरा नियम; वरचा पडला तर खालच्या माणसाला घेऊन जातो. त्यामुळे तो खाली येऊ शकत नव्हता. फक्त मान वाकवून दिसत होता.

"ताई, तार सोड."

"वेडा आहेस का!"

"सोड म्हणजे हातातून सोड. तू तिला अडकवलेली आहेस, ती कुठे जात नाही. दगड धर."

मला राग आला. खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला. वीस वर्षं डोंगरात फिरलेल्या बाईला हा पोरगा दगड धरायला शिकवतोय. त्या रागात मी उजवा हात तारेवरून काढला आणि डोळ्यांसमोरच्या एका बारक्या खोबणीत बोटं घातली. थंड, खरखरीत, चार बोटं पहिल्या पेरापर्यंत जात होती. हरिहरच्या पायऱ्यांना बाजूला खोबण्या आहेत ना, तशी. हात आपोआप सैल झाला, कारण खोबणीला लटकता येत नाही, तिच्यावर फक्त तोल सांभाळता येतो. वजन गेलं पायांवर. टाच खाली बसली. शिलाई मशीन थांबलं.

मग आठवलं की हार्नेसला तिसरी आखूड पट्टी आहे, नुसतं टेकायला. ती वरच्या सळीला अडकवली, मागे टेकले आणि दोन्ही हात खाली सोडून झटकले. दोन मिनिटं. खालच्या जर्मन मुलानं "अलेस गूट?" विचारलं. म्हटलं, "गूट." तार नंतर वरपर्यंत फक्त कॅरॅबिनरसाठी वापरली, हातांसाठी दगड आणि पायऱ्या. निम्मी ताकद लागली. सकाळपासून हे का सुचलं नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. तार हाताशी असली की हात तिच्याकडेच जातो.

झुलत्या पुलाबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. छोटासा आहे, फळ्यांचा, खाली घळ. फोटो काढायला उत्तम. मला एव्हाना त्याचं काही वाटलं नाही. भाऊ मात्र मधोमध पोहोचल्यावर दोन्ही हातांनी तार धरून उभाच राहिला. मी मागून म्हटलं, "तार सोड रे." त्यानं उत्तर दिलं नाही.

पिशादूची झोपडी २५८५ मीटरवर आहे, शेजारी छोटं तळं. तिथे कानेडेर्ली खाल्ले, म्हणजे शिळ्या पावाचे मोठाले गोळे गरम सुपात. भाऊ म्हणाला, फोडणीच्या पोळीला इटलीत नेऊन गोल केलीय. कोपऱ्यात त्या आजीबाई कॉफी पीत बसल्या होत्या. त्यांनी हात केला, मीही केला. आपल्यामुळे काय झालं असतं, याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि तो असायचंही कारण नव्हतं. कॅरॅबिनर माझे होते. आईचा फोन आला. "कुठे आहेस?" "तळ्याकाठी बसलोय." हे खोटं नव्हतं.

उतरायची वाट सेतुसच्या घळीतून. वरच्या थोड्या भागात तारा आहेत, मग नुसता घसारा. भुसभुशीत खडी, पाय ठेवला की वीतभर खाली जातो. आमच्यासोबत उतरणारी धडधाकट मंडळी काठ्या टेकत, एकेक पाऊल तपासत, तिरकी होऊन चालली होती. आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. घसाऱ्यावर थांबायचं नसतं; टाच रोवायची, दगडासोबतच घसरायचं, खडी थांबायच्या आत पुढचा पाय. धोडपला, साल्हेरला, कितीतरी नळ्यांमध्ये हेच केलेलं. मोकळी जागा बघून मी सुटले. मागून भाऊ ओरडत होता, "ताई, थांब की!" पहिल्यांदाच त्या दिवशी तो मागे होता.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून गडगडाट. फेराटाचा प्रश्नच नव्हता, म्हणून लागाझुओई नावाच्या डोंगरावर गेलो. फाल्झारेगो खिंडीतून, २१०५ मीटरवरून, केबलकार वर नेते आणि उतरायचं डोंगराच्या पोटातून, पहिल्या महायुद्धातल्या बोगद्यानं. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली आणि आघाडी थेट या शिखरांवरून गेली. लागाझुओईच्या माथ्यावर ऑस्ट्रियन, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेजर एत्तोरे मार्तिनी यांचे अल्पिनी रात्रीतून कड्याच्या मध्यावरच्या एका कंगोऱ्यावर येऊन बसले. तो कंगोरा आजही मार्तिनींच्या नावानं ओळखला जातो. वरचे खालच्यांवर सुरुंग लावत, खालचे डोंगर पोखरत वर सरकत. इटालियन सैनिकांनी हा अकराशे मीटर लांबीचा बोगदा खणला आणि २० जून १९१७ ला तेहतीस टनांच्या आसपास स्फोटकं लावून वरचं टोक उडवलं. चारच महिन्यांनी इटलीनं दुसरीकडे हार खाल्ली आणि ही सगळी आघाडी सोडून दिली.

फेराटा या युद्धात जन्मल्या असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. ऑस्ट्रियात डाखश्टाइनवर १८४३ मध्येच लोखंडी खुंट्या आणि दोर लागले होते, आणि इथल्याच मार्मोलादाच्या पश्चिम धारेवर १९०३ मध्ये. पण ते हौशी लोकांसाठी होतं. शिधा, दारूगोळा आणि जखमी माणसं कड्यावरून हलवायला सैनिकांनी शिड्या आणि दोर लावत सुटल्यावर हे डोंगर लोखंडानं भरले. आजच्या बऱ्याच वाटा त्यांच्याच वाटांवर आहेत.

बोगद्यात पायऱ्या ओबडधोबड, उंच, पाण्यानं ओल्या. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्या चार पायऱ्या दिसायच्या, बाकी काळोख. मध्येच भिंतीत तोफेसाठी पाडलेलं भोक यायचं, त्यातून ढग आत शिरायचे. एका जागी भिंतीत लाकडाच्या फळ्यांची खोली होती, दोन माणसं आडवी होतील एवढी. भावानं आत डोकं घालून पाहिलं आणि काही न बोलता बाहेर काढलं.

भिंतीला आधारासाठी पोलादी तार होती. मी तिला धरून उतरत होते. खुंटी आली, आणि माझा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला, कॅरॅबिनर शोधत. हार्नेस गाडीत होता. मी तरी एक क्षण थांबले, मग तार सोडली, हात भिंतीला टेकवला आणि पुढची पायरी बघितली.